कंबरदुखीसाठी दोन फिजिओथेरपी केंद्रे: उपचार कशावरून ठरला?

सव्वा वर्षापूर्वी एका सकाळी खाली पडलेला चष्मा उचलायला वाकलो आणि कंबरेत उसण भरली. ती पंधरा दिवसांत ओसरली, पण कंबर काही पूर्वपदावर आली नाही. मी मुद्रितशोधनाचे काम करतो, त्यामुळे दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत जातात. दुपारनंतर एक बोथट ठणका सुरू व्हायचा आणि उठून उभे राहताना पहिली चार पावले टेबलाचा आधार घेऊन टाकावी लागायची. १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीला दीर्घकालीन म्हणतात, आणि ती मुदत मी केव्हाच ओलांडली होती. या काळात मी दोन फिजिओथेरपी केंद्रांमध्ये उपचार घेतले. दोन्हीकडची स्वच्छता, वेळेची शिस्त आणि बोलण्यातले अगत्य यांबद्दल माझी तक्रार नाही. या परीक्षणात मी एवढेच पाहणार आहे की, माझ्या कंबरेला कोणता उपचार द्यायचा हे त्या दोन ठिकाणी कशाच्या आधारावर ठरवले गेले.

पहिल्या केंद्रात जाताना मी एमआरआयचा अहवाल बरोबर नेला होता. तेथील फिजिओथेरपिस्टने तो वाचला, कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती फुगल्याची ओळ बोटाने दाखवली आणि "तुमची गादी सरकली आहे, काका. दहा सिटिंग घ्या, बरं वाटेल," असे सांगून चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत ट्रॅक्शन (यंत्राने कंबर ओढून ताण देणे), आयएफटी (पॅडमधून दिला जाणारा विजेचा सौम्य प्रवाह), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), शेक आणि कमरेचा पट्टा अशा पाच गोष्टी होत्या. मला वाकायला, चालायला किंवा पाय उचलायला कोणी सांगितले नाही, आणि दुखण्यामुळे माझे कोणते काम अडते हेही कोणी विचारले नाही. तपासणीला एकूण पाचेक मिनिटे लागली असतील.

पुढचे दहा दिवस अगदी एका साच्यातले होते. पडद्यांनी वेगळ्या केलेल्या सहा पलंगांपैकी एकावर पालथे झोपायचे, कंबरेला चार ओलसर पॅड लावले जायचे, मुंग्यांसारखा प्रवाह सुरू व्हायचा आणि पंधरा मिनिटांनी घंटी वाजायची. मग थंडगार जेल लावून अल्ट्रासाउंडचे गोल टोक पाच-सात मिनिटे फिरवले जायचे. शेजारच्या पलंगावर मानेचे दुखणे असलेले एक गृहस्थ असत आणि पलीकडे गुडघ्याच्या एक बाई. तिघांच्या उपचारात फरक एवढाच होता की पॅड लावायची जागा वेगळी होती. हे मी उपहासाने लिहीत नाही, कारण तेव्हा मला त्यात काही खटकलेही नव्हते. उलट एके दिवशी वीज नव्हती म्हणून यंत्राऐवजी दोन व्यायाम शिकवायचे ठरले, तेव्हा "आज मशीन नाही का?" असे मीच नाराजीने विचारले होते.

आराम पडत होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. घरी येईपर्यंत कंबर मोकळी वाटायची आणि रात्री झोप बरी लागायची, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ठणका हजर असायचा. दहा सिटिंग संपल्यावर आणखी दहा सुचवल्या गेल्या आणि चिठ्ठीत एका शब्दाचाही बदल झाला नाही. तात्पुरत्या आरामाची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. अर्धा-पाऊण तास निवांत पडून राहणे, ऊब, कोणीतरी काळजीने हात लावणे, या सगळ्यांचा परिणाम होतोच. शिवाय कंबरदुखी मुळात चढउताराची असते आणि माणूस उपचाराला सहसा ती शिगेला पोहोचली असतानाच जातो. त्यानंतरचा उतार आपोआप आलेला असला तरी त्याचे श्रेय शेवटी लावलेल्या यंत्राला मिळते.

गादीच्या निदानाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण उपचाराची सगळी इमारत त्यावर उभी होती. कंबरेचे कोणतेही दुखणे नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या प्रतिमा तपासणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली आढळली, आणि यांपैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती. मी चौपन्न वर्षांचा आहे. केसांना रुपेरी छटा यावी तशी ती फुगलेली चकती माझ्या वयाचीच खूण असू शकते, ही शक्यता त्या केंद्रात कोणी बोलून दाखवली नाही. उलट 'सरकली' या शब्दाने माझ्या मनात असे चित्र उभे केले की मणक्यांच्या उतरंडीतला एक तुकडा बाहेर आला आहे आणि मी चुकीचा वाकलो तर तो आणखी बाहेर येईल. पुढचे सहा महिने मी कंबर काठीसारखी ताठ ठेवून वावरलो. पट्ट्याशिवाय घराबाहेर पडणेही बंद झाले.

त्या चिठ्ठीकडे आज पाहताना आश्चर्य वाटते ते याचे की ती कोणत्याही प्रमुख मार्गदर्शक सूचनेशी जुळत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, आयएफटी आणि कमरेचे पट्टे देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे माझ्या चिठ्ठीतल्या पाच गोष्टींपैकी चार तिथेच बाद होतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी दिलेल्या सूचनाही ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि पट्टे यांच्या विरोधातच आहेत, आणि त्या व्यायाम, दुखण्याविषयीचे समुपदेशन, मानसोपचाराच्या काही पद्धती यांच्या बाजूने कौल देतात. तरीही यंत्रे चालूच राहतात. फिजिओथेरपिस्ट हाडे-स्नायूंच्या दुखण्यांत सूचनांप्रमाणे वागतात का, हे तपासणारा एक आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वेक्षणांतील उत्तरांनुसार, शिफारस असलेले उपचार निवडणाऱ्यांचे मध्यक (आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे) प्रमाण ५४ टक्के होते, शिफारस नसलेले उपचार निवडणाऱ्यांचे ४३ टक्के, आणि ज्यांबद्दल सूचनांमध्ये काहीच म्हटलेले नाही असे उपचार निवडणाऱ्यांचे तब्बल ८१ टक्के. यात आळस किंवा लबाडी शोधण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. शिकताना हाती पडलेले साधन हाताला सवयीचे होते, एका वेळी तीन पलंग सांभाळायचे असतील तर यंत्र सोयीचे पडते, आणि माझ्यासारखा रुग्ण वीज गेल्यावर यंत्राचीच चौकशी करतो. उपचार निवडताना फिजिओथेरपिस्टच्या खांद्यावर त्याच्या समोरच्या माणसाची अपेक्षाही बसलेली असते.

दुसऱ्या केंद्रात मी एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून गेलो. पहिली भेट पन्नास मिनिटांची होती आणि त्यातली निम्मी वेळ तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम फक्त प्रश्न विचारत होत्या. लघवी तुंबते का किंवा नकळत होते का, बैठकीच्या जागेची संवेदना गेली आहे का, विनाकारण वजन घटले का, ताप येतो का, पूर्वी कर्करोग झाला होता का, स्टेरॉइड बराच काळ घेतले आहे का, पडझड झाली होती का. मी जरा वैतागून "हे सगळं कंबरेसाठी?" असे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की यांतल्या काही उत्तरांना 'हो' आले असते तर त्यांनी मला व्यायाम देण्याऐवजी डॉक्टरांकडे पाठवले असते, आणि लघवी व बैठकीच्या संवेदनेच्या बाबतीत तर त्याच दिवशी. उपचार निवडण्याची पहिली पायरी म्हणजे हा रुग्ण आपला आहे का ते पाहणे, ही गोष्ट मला तिथे प्रथम कळली.

त्यानंतर उताणे झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्याखाली आणि टाचेवर हातोडी मारली, आणि पायाचा अंगठा त्यांच्या बोटाच्या विरोधात वर रेटायला सांगितला. चिमटलेल्या नसेची लक्षणे नव्हती. मग त्या म्हणाल्या, "काका, दहातल्या नऊ जणांसारखी तुमची कंबर आहे. कुठलाही एक भाग पकडून 'हाच दुखतोय' असं खात्रीनं सांगता येणार नाही. पण त्यामुळे उपाय नाही असं नाही."

ब्रिटनमधील कील विद्यापीठात तयार झालेली नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली त्यांनी भरून घेतली. दुखणे लांबण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त, हे तिच्यावरून ठरते आणि त्यानुसार किती व कोणती मदत द्यायची ते निवडले जाते. माझा गट मध्यम निघाला. मात्र त्यांनी गुणांपेक्षा एकाच उत्तरावर बोट ठेवले. माझ्यासारख्या अवस्थेतल्या माणसाने शारीरिक हालचाल करणे सुरक्षित नाही, या विधानाला मी सहमती दिली होती. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" असे त्यांनी विचारले आणि मी गादीची हकीकत सांगितली. त्या पहिल्या केंद्राबद्दल एक वावगा शब्द बोलल्या नाहीत, पण वहीत बरेच काही लिहून घेतले.

मग जे घडले ते मी या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान मानतो. मॅडमनी टेबलावरचे पेन जमिनीवर ठेवले आणि उचलायला सांगितले. मी नेहमीच्या सवयीने श्वास रोखला, एक हात मांडीवर टेकवला, पाठ फळीसारखी केली आणि गुडघ्यांतून बसत बसत पेन गाठले. दुखणे दहापैकी सहा होते. त्यांनी पेन परत खाली ठेवले आणि म्हणाल्या, "आता श्वास सोडत सोडत वाका. पाठ वाकली तर वाकू दे, मी इथेच आहे." दुसऱ्या वेळी सहाच होते, तिसऱ्या वेळी पाच, आणि पाचव्या वेळी मी हात मांडीवर टेकवला नव्हता हे माझ्या लक्षातही आले नाही, त्यांनीच ते दाखवून दिले. तेव्हा दुखणे चार होते. पाच मिनिटांत कंबर बरी झाली नव्हती, पण माझ्या दुखण्यात जपून वावरण्याचा वाटा किती आहे हे मला माझ्याच शरीरावर दिसले. उपचाराची दिशा त्या पेनाने ठरवली, एमआरआयने ठरवली नाही.

त्यांनी एक मार्ग तपासून सोडूनही दिला. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या पद्धतीत एकाच दिशेची हालचाल पुन्हा पुन्हा करून दुखणे पायाकडून कंबरेकडे सरकते का ते पाहतात. १९५६ मध्ये त्यांचा एक रुग्ण चुकून पाठ मागे वाकेल अशा अवस्थेत पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायाचे दुखणे गेले, तिथून त्यांच्या विचाराला सुरुवात झाली. मॅडमनी मला दहा वेळा पालथे झोपून हातांवर छाती उचलायला लावली, मग दहा वेळा पुढे वाकायला लावले. दोन्हींनी काही विशेष फरक पडला नाही, म्हणून ती दिशा बंद झाली. आवडती पद्धत प्रत्येकाच्या गळ्यात मारण्याचा मोह त्यांनी टाळला, आणि माझ्या मते ही साधी गोष्ट नाही.

मी इंटरनेटवर वाचून गेलो होतो, त्यामुळे कोअरचे, म्हणजे पोट-पाठीच्या खोल स्नायूंचे, व्यायाम का देत नाही असे विचारले. कंबरदुखी असलेल्यांमध्ये पोटाचा एक खोल स्नायू उशिरा आवळतो, असे १९९६ मध्ये हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवले आणि तिथून त्या व्यायामांची लाट आली. पुढे इतर व्यायामांशी तुलना झाली तेव्हा त्यांचे पारडे जड ठरले नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ मधील आढाव्यात दीर्घकालीन कंबरदुखीवरच्या व्यायामांच्या २४९ चाचण्या एकत्र केल्या होत्या. व्यायाम न करण्याच्या तुलनेत दुखणे १०० पैकी सुमारे १५ गुणांनी कमी होते, असा त्याचा निष्कर्ष. हा आकडा मॅडमनी न लपवता सांगितला, आणि मला तो आवडला, कारण आधीच्या केंद्रातल्या 'बरं वाटेल' या आश्वासनाला कोणतेही माप नव्हते. व्यायामप्रकारांत फरक फारसा नसेल, तर जो माणूस प्रत्यक्षात करत राहील तो व्यायाम निवडायचा, असा त्यांचा हिशेब होता. मला पूर्वी सकाळी चालायची सवय होती, ती उसणीनंतर सुटली होती. म्हणून चालणे आधी आले आणि त्यासोबत वाकण्याचे व वजन उचलण्याचे हळूहळू वाढत जाणारे टप्पे. चालण्याच्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत ७०१ प्रौढांपैकी ज्यांना चालण्याचा कार्यक्रम दिला, त्यांची कंबर पुन्हा दुखायला मध्यक २०८ दिवस लागले, इतरांना ११२. ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र ती चाचणी दुखण्यातून बाहेर पडलेल्यांवर होती, तुम्ही अजून आत आहात, हे सांगायलाही त्या विसरल्या नाहीत.

ट्रॅक्शनची आठवण मात्र मला सुटत नव्हती. तिसऱ्या भेटीत मी सरळ मागणीच केली. त्या हसल्या नाहीत. "त्यानं तुम्हाला बरं वाटायचं हे खरं आहे," त्या म्हणाल्या, "पण आपल्याकडे अर्धा तास आहे. तो ओढून घेण्यात घालवायचा की पिशवी उचलण्यात, तुम्ही सांगा." मी पिशवी निवडली, पण मनापासून निवडली असे म्हणवत नाही. दोन भेटींत त्यांनी हाताने मणक्यांची हालचालही करून दिली, आणि हे व्यायाम सोपा जावा म्हणून आहे, हाच उपचार नव्हे, असे आधीच बजावले. नाइसच्या सूचनाही हाताचे उपचार व्यायामासोबतच द्यावेत असे सांगतात.

या केंद्रातही उणिवा आहेत. दुसऱ्या आठवड्यात मला सात व्यायामांचा छापील कागद मिळाला, आणि मी त्यांतले दोनच करत होतो. हे चौथ्या भेटीपर्यंत कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. मज्जासंस्था दुखणे कसे मोठे करते यावरचे पंधरा मिनिटांचे व्याख्यान उपयुक्त होते, पण ते कंबर धरून स्टुलावर बसलेल्या माणसाला देण्यासारखे नव्हते. माझी झोप बिघडली आहे ही गोष्ट पहिल्या दिवशी बाहेर यायला हवी होती, ती महिन्याने आली. एकदा मॅडम रजेवर होत्या तेव्हा त्यांच्या जागी असलेल्या तरुणाने वही न उघडताच मला शेक देऊन झोपवले. भेटीची वेळ मिळायला आठ-आठ दिवस लागतात, हे वेगळेच.

पाचव्या आठवड्यात पुस्तकांचे गठ्ठे हलवताना कंबर पुन्हा धरली. घाबरून फोन केला तेव्हा मला नव्या एमआरआयची किंवा पूर्ण विश्रांतीची अपेक्षा होती. त्यांनी धोक्याचे तेच प्रश्न पुन्हा विचारले, पायात काही नवे नाही याची खात्री केली, आठ किलोंचे वजन चारवर आणले आणि चालणे चालू ठेवायला सांगितले. सहा दिवसांत मी पुन्हा सहा किलोंवर होतो.

ज्यांच्या पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे त्यांच्यासाठी निवड वेगळी असेल, त्यामुळे माझा कागद कोणी उचलून वापरू नये. मला मात्र हे केंद्र पुन्हा निवडायचे असेल तर ते एका नोंदीमुळे निवडेन. पहिल्या दिवशी मॅडमनी मला अडलेली तीन कामे विचारली होती आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायला लावले होते, शून्य म्हणजे जमतच नाही आणि दहा म्हणजे पूर्वीसारखे. सलग तासभर बसून मुद्रिते तपासणे तीन, जमिनीवर बसून उठणे चार, भरलेली बादली उचलणे दोन. दहाव्या आठवड्यात तीच वही उघडली तेव्हा बसण्याला आठ आणि जमिनीवरून उठण्याला सात मिळाले. बादली पाचवर अडली आहे, आणि पुढच्या भेटीत मॅडम मला ती केंद्रातच भरून उचलायला लावणार आहेत.